‘इग्झॅसर्बेट’ हे क्रियापद वारंवार का अडते आणि ते कसे दुरुस्त करावे

मराठीतून विचार करून इंग्रजीत अहवाल, प्रबंध, अर्ज किंवा भाषांतरे लिहिणाऱ्यांच्या मजकुरात ‘इग्झॅसर्बेट’ हे क्रियापद एकदा शिरले की ते पुनःपुन्हा येते आणि पुनःपुन्हा चुकते. अर्थ ठाऊक नसतो असे नव्हे. आधीच वाईट असलेली गोष्ट अधिक वाईट करणे, हा अर्थ शब्दयादीतून पाठ झालेला असतो. तरीही तपासणारा त्याच शब्दाखाली रेघ ओढतो, लिहिणारा तो शब्द खोडून तेथे ‘वर्सन’ घालतो, आणि पुढच्या मजकुरात तोच शब्द तीच रेघ ओढवून घेण्यासाठी पुन्हा हजर होतो. खोडून काढणे ही दुरुस्ती नसते, कारण त्याने दोष कोठे होता हे कळत नाही. या क्रियापदाचा ‘ॲसर्बेट’ नावाचा एक दुर्मीळ भाऊबंद आहे. त्याची अवस्था याहून बिकट असते, आणि त्याचा विचारही येथे केला आहे.

प्रथम लक्षणे पाहू. ‘द वॉटर सिच्युएशन इग्झॅसर्बेटेड इन मे’, म्हणजे मे महिन्यात पाण्याची परिस्थिती चिघळली. ‘द स्ट्राइक इग्झॅसर्बेटेड द वॉटर सप्लाय’, म्हणजे संपामुळे पाणीपुरवठा बिघडला. ‘हिज बिहेवियर इग्झॅसर्बेटेड मी’, म्हणजे त्याच्या वागण्याने मी वैतागलो. ‘द मेमो ॲसर्बेटेड द प्रॉब्लेम’, म्हणजे त्या मेमोने प्रश्न आणखी बिकट केला. ही चारही वाक्ये सदोष आहेत, पण त्यांचे दोष एकसारखे नाहीत. पहिल्यात कर्मच नाही. दुसऱ्यात कर्म आहे, पण ते या क्रियापदाला चालणारे नाही. तिसऱ्यात वेगळ्याच क्रियापदाशी गल्लत झाली आहे, आणि चौथ्यात व्याकरण बरोबर असूनही शब्दाची निवड वाचकाला अडवते. आपले वाक्य यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवल्यावाचून दुरुस्तीला हात घालू नये.

कर्म नसण्याचा दोष

हा सर्वांत अधिक आढळणारा दोष आहे आणि त्याचे मूळ मराठीच्या क्रियापदांत आहे. मराठीत बिघडणे आणि बिघडवणे, चिघळणे आणि चिघळवणे, वाढणे आणि वाढवणे अशा जोड्या आहेत. त्यांतले पहिले रूप कर्माशिवाय चालते आणि दुसऱ्याला कर्म लागते. बातमीत, अहवालात आणि बोलण्यातही आपण बहुतेक वेळा पहिले रूप वापरतो: परिस्थिती चिघळली, वाद विकोपाला गेला, प्रकृती खालावली, टंचाई तीव्र झाली. ते कोणी केले हे सांगण्याची सक्ती मराठी वाक्यरचना करत नाही, आणि सरकारी मराठी तर ते न सांगण्यातच धन्यता मानते. ‘इग्झॅसर्बेट’ हे मात्र केवळ दुसऱ्या रूपासारखे, म्हणजे ‘चिघळवणे’सारखे, वागते. त्याला कोणीतरी चिघळवणारा लागतो आणि चिघळवले जाणारे काहीतरी लागते. मनात ‘चिघळली’ असते, कागदावर ‘चिघळवली’ उमटते, आणि वाक्याचा एक पाय हवेत राहतो.

पर्यायी शब्दांच्या कोशाने या चुकीला मोठा हातभार लावला आहे. इंग्रजीतील ‘वर्सन’ हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालते: ‘द शॉर्टेज वर्सन्ड’ हेही बरोबर आणि ‘द हीट वर्सन्ड द शॉर्टेज’ हेही बरोबर. कोशात ‘वर्सन’च्या रांगेत ‘इग्झॅसर्बेट’, ‘ॲग्रव्हेट’ आणि ‘डिटीरियोरेट’ शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि त्या मांडणीतून असा समज होतो की एक काढून दुसरे बसवावे, इतकेच काम आहे. प्रत्यक्षात ‘इग्झॅसर्बेट’ला कर्म हवेच, तर ‘डिटीरियोरेट’ आजच्या सामान्य वापरात कर्माशिवायच येते. म्हणजे एकाच रांगेतले दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे आहेत आणि ‘वर्सन’ मधोमध आहे. या रांगेतून डोळे झाकून शब्द उचलणाऱ्याचे वाक्य कधी बरोबर येते, कधी चुकते, आणि त्यामुळे चूक नेमकी कोणत्या नियमाने होते हे त्याच्या कधीच लक्षात येत नाही.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग कर्त्याचा शोध घेण्याचा आहे. पाण्याची परिस्थिती मे महिन्यात कशाने बिघडली, हे मूळ मजकुरात किंवा माहितीत असेल तर तेच कर्त्याच्या जागी बसवावे: ‘अ बर्स्ट पाइपलाइन इग्झॅसर्बेटेड द वॉटर शॉर्टेज इन मे.’ दुसरा मार्ग कर्मणी प्रयोगाचा आहे: ‘द वॉटर शॉर्टेज वॉज इग्झॅसर्बेटेड बाय अ बर्स्ट पाइपलाइन.’ येथे ‘बाय’ आणि त्यापुढील कारण व्याकरणाच्या दृष्टीने ऐच्छिक आहे, पण ते गाळले तर जाणकार वाचक थांबून कशाने असे विचारतोच. म्हणून ते शक्यतो ठेवावे. तिसरा मार्ग असा की कारण खरोखरच ठाऊक नसेल, किंवा सांगायचे नसेल, तर हे क्रियापद सोडून द्यावे आणि कर्माविना चालणारे क्रियापद घ्यावे. ‘द शॉर्टेज वर्सन्ड इन मे’ हे साधे वाक्य निर्दोष आहे, आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

तिसऱ्या मार्गावर ‘वर्सन’पेक्षा नेमकी निवड कधी कधी उपलब्ध असते, आणि ती फारशी कोणी करत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमाप्रश्नाचे उदाहरण घ्या. त्यासाठी 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये आयोगाचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो अमान्य केला, आणि 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा इतिहास सांगताना मराठी लेखक सहज लिहितो की प्रश्न वर्षानुवर्षे चिघळत राहिला. त्याचे भाषांतर ‘द डिस्प्यूट इग्झॅसर्बेटेड फॉर डेकेड्स’ असे केले तर ते चूक ठरते, आणि कर्मणी प्रयोग केला तर कोणी चिघळवला हे सांगावे लागते, जे मूळ लेखकाला कदाचित सांगायचेच नसेल. अशा वेळी ‘फेस्टर’ हे क्रियापद जवळजवळ तयारच ठेवल्यासारखे आहे: ‘द डिस्प्यूट हॅज फेस्टर्ड फॉर डेकेड्स.’ चिघळणे मूळचे जखमेचे, ‘फेस्टर’ही जखमेचेच, आणि दोन्ही कर्माशिवाय चालतात. भाषांतर करणाऱ्याने हा शब्द हाताशी ठेवावा. मात्र जे एका घटनेने, एका दिवसात बिघडले त्याला ‘फेस्टर’ लावू नये. जे उपचाराविना हळूहळू बिघडते त्याचेच ते क्रियापद आहे.

कर्म आहे, पण ते दुखणे नाही

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि इंग्रजी चांगले लिहिणाऱ्यांच्या हातूनही तो होतो. ‘इग्झॅसर्बेट’चे कर्म मुळातच वाईट असावे लागते. टंचाई, तणाव, विषमता, वेदना, दमा, बेकारी, वैर, कोंडी ही कर्मे चालतात. पुरवठा, आरोग्य, संबंध, अर्थव्यवस्था, शिक्षण, वाहतूक ही चालत नाहीत, कारण ती स्वतः वाईट नाहीत. ती बिघडू शकतात एवढेच. मराठीतील ‘बिघडवणे’ नेमके या दुसऱ्या प्रकारच्या नामांना लागते. आपण आरोग्य बिघडवतो, संबंध बिघडवतो, व्यवस्था बिघडवतो. टंचाई मात्र आपण बिघडवत नाही, ती वाढवतो. ‘इग्झॅसर्बेट’ म्हणजे ‘बिघडवणे’ असे ज्याने पाठ केले, त्याच्याकडून चुकीचे कर्म निवडले जाणे ओघानेच येते.

तपासण्यासाठी एक सोपी कसोटी आहे. कर्माच्या जागी असलेले नाम उचलून त्याला मराठीत ‘हे दुखणे आहे’ असे जोडून पाहावे. पाणीटंचाई हे दुखणे आहे, असे म्हणता येते. पाणीपुरवठा हे दुखणे आहे, असे म्हणता येत नाही. शेजाऱ्यांमधील तेढ हे दुखणे आहे. शेजाऱ्यांमधील संबंध हे दुखणे नव्हे. कसोटीत नाम नापास झाले तर दोनपैकी एक करावे. एक तर त्या नामातले दुखणे शोधून त्याला कर्म करावे, जसे की ‘सप्लाय’च्या जागी ‘शॉर्टेज’, ‘रिलेशन्स’च्या जागी ‘टेन्शन’, ‘हेल्थ’च्या जागी त्या आजाराचे नाव. नाही तर नाम तसेच ठेवून क्रियापद बदलावे: ‘द स्ट्राइक डिसरप्टेड द वॉटर सप्लाय’, ‘द रिमार्क डॅमेज्ड रिलेशन्स’. पहिला उपाय सहसा अधिक चांगला असतो, कारण तो लेखकाला नेमके काय बिघडले हे ठरवायला भाग पाडतो.

‘सिच्युएशन’ हे नाम या कसोटीत धड पासही होत नाही आणि नापासही होत नाही. ‘इग्झॅसर्बेट द सिच्युएशन’ ही रचना इंग्रजीत रूढ आहे आणि तिला चूक म्हणता येणार नाही, पण ती तेव्हाच शोभते जेव्हा आधीच्या वाक्यांत परिस्थिती वाईट असल्याचे सांगून झालेले असते. अहवालाच्या पहिल्याच वाक्यात ती आली तर कोणती परिस्थिती, असा प्रश्न उभा राहतो. शिवाय आपल्या कार्यालयीन लेखनात ‘परिस्थिती’ हा शब्द इतका सैल झाला आहे की त्यामागे पूर, दंगल, थकीत वेतन आणि बंद पडलेली लिफ्ट हे सगळे सारख्याच सुखाने लपते.

कसोटीत पास होणारी काही नामेही वाक्याच्या तर्कात अडकतात, आणि येथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या काळावर लिहिताना ‘शुगरकेन इग्झॅसर्बेटेड द ड्राउट’ असे वाक्य सहज उतरते. दुष्काळ हे दुखणे आहे, म्हणजे कसोटी पास झाली. पण दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे असा अर्थ वाक्याच्या आसपास घेतलेला असेल, तर उसाने पाऊस कमी पाडला असा विचित्र दावा त्यातून निघतो. लेखकाला म्हणायचे असते की पाण्याचा तुटवडा उसाच्या लागवडीमुळे अधिक तीव्र झाला. तेव्हा कर्म ‘द वॉटर शॉर्टेज’ किंवा ‘द इफेक्ट्स ऑफ द ड्राउट’ असे हवे. भूजलाच्या टंचाईलाच दुष्काळ म्हटले असेल तर मूळ वाक्यही चालेल, पण मग ती व्याख्या आधी दिलेली असावी.

भूकंपाच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक दिसतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. ‘द हेवी रूफ्स इग्झॅसर्बेटेड द अर्थक्वेक’ असे लिहिले तर छपरांनी भूकंपाची तीव्रता वाढवली असा अर्थ होतो, आणि तो हास्यास्पद आहे. ‘इग्झॅसर्बेटेड द डेस्ट्रक्शन’ असे लिहिता येईल. ‘इग्झॅसर्बेटेड द डेथ टोल’ हे मात्र टाळावे, कारण मृतांची संख्या ही संख्या आहे. ती वाढते, तिची तीव्रता वाढत नाही. तेथे ‘रेज्ड’ किंवा ‘इन्क्रीज्ड’ हेच योग्य. ज्याचे मोजमाप आकड्यांत होते त्याला ‘इन्क्रीज’ आणि ज्याची तीव्रता जाणवते त्याला ‘इग्झॅसर्बेट’, असा ढोबळ भेद लक्षात ठेवला तर बेकारी आणि बेकारांची संख्या यांच्यासाठी दोन वेगळी क्रियापदे का लागतात हेही उलगडते.

कारण आणि भर

दोन्ही दोष दूर झाल्यावरही एक प्रश्न उरतो. वाक्य व्याकरणाने शुद्ध असते, पण ते सांगते ते खरे नसते. ‘इग्झॅसर्बेट’ या क्रियापदात एक गृहीतक दडलेले आहे: दुखणे आधीपासून होते आणि कर्त्याने त्यात केवळ भर घातली. जेथे कर्त्यानेच दुखणे निर्माण केले तेथे हे क्रियापद वापरले तर कर्त्याची जबाबदारी आपोआप हलकी होते.

26 जुलै 2005 च्या मुंबईतील पुराचा विचार करावा. सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि दुपारी समुद्राला भरती होती. या दोन्हींना पुराचे कारण म्हणावे, भर म्हणावे, की एकाला कारण आणि दुसऱ्याला भर म्हणावे? पाऊस हे कारण आणि भरतीमुळे पाण्याचा निचरा अडल्याने पुराची तीव्रता वाढली, ही मांडणी सहज पटते: ‘द रेन कॉज्ड द फ्लड, द हाय टाइड इग्झॅसर्बेटेड इट.’ मिठी नदीचे पात्र अरुंद झाले होते, त्यात अतिक्रमणे आणि भराव होते, आणि शहराची पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था जुनी होती. या घटकांना ‘इग्झॅसर्बेट’ लावावे की ‘कॉज’, यावर भूमिका ठरते. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. अशा समितीच्या निष्कर्षांचा इंग्रजी सारांश करणाऱ्याने हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय समजून अदलाबदल केली तर तो निष्कर्षच बदलून टाकतो. माझे मत असे की ज्या भागात केवळ पावसाने पाणी साचलेच नसते तेथे पात्रातील भराव हे कारण आहे, आणि त्याला ‘इग्झॅसर्बेट’ म्हणणे ही शब्दांची सभ्यता नसून पळवाट आहे.

कार्यालयीन पत्रव्यवहारात ही पळवाट इतकी रुळलेली आहे की ती कोणाला खटकतही नाही. देखभाल न झालेल्या इमारतीचा सज्जा कोसळतो आणि पत्रात लिहिले जाते की मुसळधार पावसाने समस्या ‘इग्झॅसर्बेट’ केली. कोणती समस्या, ती आधी कोणाला माहीत होती, आणि माहीत असूनही काय केले, ही तीन उत्तरे त्याच शब्दाने मागितली जातात. असे पत्र लिहिणाऱ्याने निदान एवढे ओळखावे की हे क्रियापद वापरून त्याने समस्या आधीपासून होती याची कबुली दिली आहे.

माणूस कर्म असेल तर

‘हिज बिहेवियर इग्झॅसर्बेटेड मी’ या वाक्यात ‘इग्झॅस्परेट’ या क्रियापदाशी गोंधळ झाला आहे. देवनागरीत लिहिल्यावर दोन्हींमधील अंतर किती थोडे आहे ते लगेच दिसते, आणि ‘इग्झॅजरेट’, म्हणजे अतिशयोक्ती करणे, हाही त्याच घोळक्यात उभा असतो. ‘इग्झॅस्परेट’चे कर्म माणूस असतो आणि त्याचा अर्थ वैताग आणणे, चिडीला आणणे असा आहे. ‘इग्झॅसर्बेट’चे कर्म माणूस नसतो, त्याचा राग, त्याचा आजार किंवा त्याची अडचण असू शकते. म्हणून ‘इग्झॅस्परेटेड मी’ आणि ‘इग्झॅसर्बेटेड माय बॅक पेन’ ही दोन्ही बरोबर आहेत.

या दोन शब्दांची मुळेही वेगळी आहेत. ‘इग्झॅस्परेट’ लॅटिनमधील ‘आस्पेर’ या खरखरीतपणाच्या शब्दावरून आले, तर ‘इग्झॅसर्बेट’ ‘असेर्बुस’ या शब्दावरून, ज्याचा अर्थ कच्च्या फळाची असते तशी तीक्ष्ण, आंबट-कडू चव. जुन्या इंग्रजीत ‘इग्झॅस्परेट’ आजार वाढवण्याच्या अर्थानेही येत असे, त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात तसा प्रयोग दिसला तर त्याला छपाईची चूक समजू नये आणि त्याचा दाखला देऊन आज तसे लिहूही नये.

‘ॲग्रव्हेट’ हे क्रियापद मात्र दोन्ही कामे करते. दुखणे वाढवणे हा त्याचा प्रतिष्ठित अर्थ आणि माणसाला त्रास देणे हा बोलीतला. काटेकोर संपादक दुसऱ्या अर्थाला औपचारिक लेखनात अजूनही नाके मुरडतात, तेव्हा अर्जात आणि प्रबंधात तो टाळलेला बरा.

‘ॲसर्बेट’चे काय करावे

‘ॲसर्बेट’ हा शब्द चुकीचा नाही. तो कोशांत आहे, 18 व्या शतकापासून इंग्रजीत आहे, आणि त्याचा अर्थ कडवट करणे, चिडवणे, स्वभावात किंवा सुरात आंबटपणा आणणे असा आहे. त्याचा उच्चार पहिल्या अक्षरावर जोर देऊन होतो. तरीही आजच्या इंग्रजीत तो इतका दुर्मीळ आहे की बहुतेक वाचक, अगदी मातृभाषा इंग्रजी असलेले वाचकसुद्धा, तो ‘इग्झॅसर्बेट’चा अर्धवट टंकलेला तुकडा समजतात.

मराठी लेखक या शब्दाकडे दोन वाटांनी येतात. एक वाट ‘असर्बिक’ या विशेषणाची आहे. तिखट, बोचऱ्या शैलीसाठी हा शब्द समीक्षेत नेहमी येतो, आणि त्यावरून क्रियापद असणारच असे गृहीत धरून ‘ॲसर्बेट’ शोधले जाते. ही वाट तर्काला धरून आहे. दुसरी वाट अधिक धोक्याची आहे. ‘एक्स’ हा उपसर्ग माजी किंवा बाहेर या अर्थाचा असतो, हे शाळेत शिकलेले असते. त्यावरून ‘इग्झॅसर्बेट’मधून तो काढला की सौम्य किंवा थेट उलट अर्थाचा शब्द मिळेल, अशी समजूत होते. येथे हा उपसर्ग वगळण्याचा नाही, जोर देण्याचा आहे. तो काढल्याने अर्थ उलटत नाही. कडवटपणा तसाच राहतो. उलट अर्थासाठी ‘ॲलिव्हिएट’ किंवा ‘मिटिगेट’ वापरावे, आणि तेथेही कर्म दुखणेच हवे, हे विसरू नये.

‘द मेमो ॲसर्बेटेड द प्रॉब्लेम’ या वाक्याची दुरुस्ती सरळ आहे: तेथे ‘इग्झॅसर्बेटेड’ घालावे, कारण प्रश्न तीव्र होतो, कडवट होत नाही. पण लेखकाला खरोखरच कडवटपणाबद्दल बोलायचे असेल, म्हणजे वाटणीच्या वादाने भावाभावांत कटुता आली किंवा बदलीच्या अन्यायाने माणूस मनाने कडू झाला, असे सांगायचे असेल, तर ‘एम्बिटर’ हे क्रियापद घ्यावे. त्याचे कर्म माणूसही चालते, त्याचे आयुष्य चालते, आणि संबंधही चालतात: ‘द पार्टिशन सूट एम्बिटर्ड द ब्रदर्स.’ कर्माविना लिहायचे असेल तर ‘सावर’, म्हणजे शब्दशः आंबणे किंवा आंबवणे, हे इंग्रजी क्रियापद दोन्ही बाजूंनी चालते: ‘रिलेशन्स सावर्ड’ आणि ‘द सूट सावर्ड रिलेशन्स’. संबंधांत कटुता आली, या आपल्या नेहमीच्या वाक्याला हेच सर्वांत जवळचे आहे. ‘एम्बिटर’ने सांगितलेली कटुता माणसाच्या मनात मुरलेली असते, ‘सावर’ने सांगितलेला बिघाड तुलनेने वरवरचा असू शकतो आणि पुन्हा जुळवून घेता येतो.

मग ‘ॲसर्बेट’ कधी वापरावे? ललित लेखनात, समीक्षेत, किंवा जेथे वाचक शब्दासाठी थांबायला तयार आहे तेथे, सुराबद्दल किंवा स्वभावाबद्दल बोलताना ते एखादे वेळी शोभेल. अहवालात, अर्जात आणि परीक्षेत ते वापरू नये. परीक्षेचा मुद्दा विशेष सांगण्यासारखा आहे. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखनचाचणीत शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक आहे, आणि सातव्या पट्ट्याच्या, म्हणजे ‘बँड’ या गुणश्रेणीच्या, वर्णनात कमी प्रचलित शब्दांचा उल्लेख आहे. शिकवणी वर्गांतून एवढेच सांगितले जाते आणि विद्यार्थी दुर्मीळ शब्दांच्या मागे लागतात. त्याच वर्णनात पुढे शैली आणि शब्दसंगती यांचे भान, असेही आहे. म्हणजे कोणत्या क्रियापदाला कोणते नाम शोभते, हे. दुर्मीळ शब्द चुकीच्या कर्माशी जोडला की तो गुण मिळवून देण्याऐवजी अज्ञानच उघडे करतो.

जेथे अदलाबदल करू नये

काही क्षेत्रांत हे शब्द पारिभाषिक झाले आहेत, आणि तेथे शैलीसाठी पर्याय शोधणे ही नवी चूक ठरते. वैद्यकात दमा किंवा सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार एकाएकी बळावण्याला ‘ॲक्यूट इग्झॅसर्बेशन’ म्हणतात. रुग्णाच्या कागदपत्रांचे भाषांतर करताना तेथे ‘वर्सनिंग’ लिहू नये. होमिओपॅथीत लक्षणे वाढण्याला ‘ॲग्रव्हेशन’ आणि कमी होण्याला ‘ॲमेलिओरेशन’ म्हणण्याचा प्रघात आहे. कायद्यात तर ‘ॲग्रव्हेटेड’ हा शब्द गुन्ह्याची गंभीर श्रेणी दाखवतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्यात तो त्याच अर्थाने आहे. फाशीच्या शिक्षेच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये दिलेल्या बच्चनसिंग खटल्याच्या निकालापासून ‘ॲग्रव्हेटिंग’ आणि ‘मिटिगेटिंग’ परिस्थिती ही जोडी रुळली आहे. मराठीतील ‘गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणारी परिस्थिती’ इंग्रजीत नेताना तेथे ‘इग्झॅसर्बेटिंग’ लिहिणारा भाषांतरकार न्यायालयात हसे करून घेईल.

उरलेल्या किरकोळ अडचणी

‘मोअर इग्झॅसर्बेटेड’ लिहू नये. अधिक हा अर्थ क्रियापदातच आहे. ‘फर्दर इग्झॅसर्बेटेड’ मात्र चालते, पण बिघाडात आधी एकदा भर पडली आहे आणि ही दुसरी आहे, असे मजकुरात दिसत असेल तरच. स्पेलिंगमध्ये ‘एक्सए’नंतर ‘सी’ येतो, ‘एस’ नाही. ‘एस’ घालणाऱ्याच्या मनात ‘इग्झॅस्परेट’ घोळत असते. उच्चारात त्या ‘सी’चा ‘क’ करू नये, आणि जोर ‘झॅ’वर द्यावा. बोलण्यात हा शब्द शक्यतो वापरूच नये. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एखाद्याच्या गाडीने पार्किंगचा प्रश्न ‘इग्झॅसर्बेट’ झाला असे म्हणणारा सभासद मुद्दा जिंकण्याआधीच सभा गमावतो.

लांब अहवाल तपासायचा असेल तर शब्दप्रक्रियेच्या प्रणालीत या क्रियापदाच्या सर्व रूपांना समान असलेला पहिला भाग, म्हणजे ‘बी’पर्यंतची अक्षरे, शोधायला द्यावीत, त्यात क्रियापद, नाम आणि कृदंते सगळी सापडतात. प्रत्येक ठिकाणी आधी उजवीकडे पाहावे: कर्म आहे का, आणि ते दुखणे आहे का. मग डावीकडे पाहावे: कर्ता आहे का, आणि त्याने भर घातली की दुखणेच निर्माण केले. कर्मणी प्रयोगात ही दिशा उलटी होते, एवढे ध्यानात ठेवावे. एकाच पानावर हे क्रियापद दोनदा सापडले तर दोन्ही प्रयोग बरोबर असले तरी त्यांतला एक बदलून ‘मेड वर्स’ करावा, कारण हा शब्द वाचकाच्या डोळ्यांत राहतो आणि दुसऱ्या खेपेला तो मजकुराकडे न पाहता शब्दाकडेच पाहू लागतो.